टाकीजवळची खुर्ची

आमचं गाव कुठल्याच नकाशावर नाही, ते फोनच्या पडद्यावर आहे. छतावरचं पावसाचं पाणी गाळून साठवणारी आम्ही माणसं दर शनिवारी संध्याकाळी तिथे जमतो. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून ही खटपट. गावात प्रत्येकाचं एक बाहुलं आणि प्रत्येकाची टाकी, घरी आहे तशीच. नवा माणूस टाक्यांमधून फिरतो, गाळणीचं झाकण उघडून वाळू किती, खडी किती ते बघतो आणि शेजारच्या बाहुल्याला शंका विचारतो. हे गाव मी अमरावतीला माझ्या खोलीत बसून उभं केलं. त्याचा मला अभिमान होता, जरा जास्तच.

सर्वांत जास्त गर्दी अकोल्याच्या दादांच्या टाकीपाशी. दादा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. जुन्या ड्रमची गाळणी त्यांनीच जुळवली. त्यांचं बाहुलं मी पांढऱ्या सदऱ्यात, कमरेवर हात ठेवून ताठ उभं केलं होतं.

या उन्हाळ्यात दादा बोलेनासे झाले. हजर असायचे, पण माइक बंद. काही विचारलं तर लिहून उत्तर, तेही तुटक. ‘वाळू धुवा.’ ‘बरोबर.’ मी त्यांच्या गाळणीचं चित्र न विचारता बदललं होतं, त्याचाच राग असणार असं मी धरून चाललो. फोन केला नाही. उलट एका शनिवारी सगळ्यांसमोर म्हणालो, “दादा आता साहेब झाले. नुसते हुकूम सोडतात.” सगळे हसले. दादांनी लिहिलं, ‘हो.’

पुढच्या शनिवारी त्यांचा माइक चुकून उघडा राहिला. यंत्राची टिकटिक ऐकू आली, मग एका बाईचा आवाज, “काका, तो हात हलवू नका, सुई निघेल.” पडद्यावर दादांचं बाहुलं मात्र तसंच ताठ उभं.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याची बस धरली. दादांच्या घरी दारातच वहिनींनी डायलिसिसचं सांगितलं. दादा उशांना टेकून बसले होते. सदरा खांद्यांवरून ओघळत होता.

“एवढ्या उन्हात काहून आले, भाऊ?”

“डायलिसिस सुरू आहे हे काहून नाही सांगितलं?”

“तिथं मी चांगला तगडा दिसून राहिलो होतो. म्हटलं, दिसू द्या.”

“मोठा तगडा,” वहिनी आतून म्हणाल्या. “मशीनवर पडून लोकायले वाळू धुवाले सांगते हा माणूस. घरची गाळणी कवाची तुंबून पडली.”

मला त्या शनिवारच्या चेष्टेबद्दल बोलायचं होतं. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात दादाच म्हणाले, “एक काम करा. त्या बाहुल्याले खुर्ची द्या. मी इथं पडलेलो अन् तो तिथं उभाच. त्याले पाहूनच थकतो मी.”

रात्री घरी येऊन मी खुर्ची ठेवली. इतकं सोपं काम होतं की लाज वाटली.

शनिवारी परतवाड्याच्या ताईंनी आल्या आल्या विचारलं, “दादा बसले काहून?” दादांनीच लिहिलं, ‘थकलो. किडनी.’ ताई म्हणाल्या, “मग घरची गाळणी कोण धुते?”

पुढच्या शनिवारी गाव ओस होतं. मी दवाखान्यात दादांच्या खाटेशेजारी बसून त्यांचा फोन धरला होता. पडद्यावर एकच बाहुलं, खुर्चीत. तेवढ्यात एक नवा माणूस गावात शिरला आणि विचारू लागला, कोणी आहे का, वाळू किती घालायची?

दादांनी मला माइक सुरू करायला लावला.

“आज कोणी भेटणार नाही, बाप्पा,” ते म्हणाले. “सारे माझ्या घरी गेले, गाळणी धुवाले. तू बस. मी सांगतो.”

माफी मी अजून मागितलेली नाही. त्या दिवशीही फोन धरून नुसता बसून राहिलो. ते वाळूबद्दल सांगत होते, आणि मधे बोलायची माझी हिंमत झाली नाही.