सहा फुटी चोर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे सांगितलंय – शंभरदा सांगितलंय – पण खरं कधीच नाही.

इथं सिंगापुरात, बेडोकमधल्या आमच्या मराठी मंडळींना विचारा. मी सहा फुटी चोर कसा लोळवला, त्याच्या हातातला सुरा कसा उडवला – पानावरचा घास हातात धरून ऐकतात लोक.

चांगी बिझनेस पार्कातली आयटीची नोकरी गेली आणि मी एका सिक्युरिटी कंपनीत लागलो. तिथं दोन जाती. एक ऑक्झिलरी पोलीस – पगार कंपनीचा, पण रीतसर ट्रेनिंग, शपथ, वॉरंट कार्ड म्हणजे पोलिसी ओळखपत्र, कमरेला पिस्तूल. नेमून दिलेल्या कामावर असताना अधिकार पोलिसाचेच. दुसरे साधे गार्ड. परवाना असतो, पण अधिकार तुमच्याआमच्याइतकाच. मी दुसरा – एका कॉन्डोच्या, म्हणजे बड्या लोकांच्या सोसायटीच्या, गेटवरचा. पुण्यात मात्र कळवलं, सिंगापूर पोलिसात घेतलं! एकदा पोलीस म्हटल्यावर पिस्तूलही आलंच ना?

वरच्या मजल्यावर एका मराठी घरी सुमन कामाला होती, मिरजेची. येता-जाता माझ्या थापा ऐकायची. "पोलीसदादा, आज कुणाला धरलंत?" मला आणखी काय हवं होतं?

मग तिच्या मालकिणीची पाटली हरवली. "तुम्हीच विचारा तिला," बाई म्हणाल्या. मला चौकशीचा अधिकार नाही, पोलिसांना बोलवा – एवढंच म्हणायचं होतं. पण सुमन समोर उभी. तिच्यादेखत साधा गार्ड होऊ?

गार्डरूमचं दार लावलं. तिची पिशवी उपडी केली – कंगवा, छत्री, लिटिल इंडियातून आणलेला शेवेचा पुडा. माझा परवाना तिच्या नाकासमोर नाचवला. "कबूल कर, नाहीतर आत टाकतो." ते कार्ड कसलं, तिला काय ठाऊक?

"घेतली म्हणा दादा... पण तुरुंग नको."

बाहेर येऊन मी ते ऐटीत सांगितलं. पोलिसात न देता, उपकार केल्यासारखं, बाईंनी तिला मिरजेला पाठवून दिलं. चोर म्हणून.

पाटली पुढे बाईंच्याच गाडीच्या सीटखाली सापडली. "आता कशाला कुणाला सांगायचं?" बाई लिफ्टपाशी पुटपुटल्या. आणि मी? तोंड उघडायचं, तर मी कोण होतो तेही सांगावं लागलं असतं. बाईंना लिफ्टचं बटण दाबून दिलं.

चोर सहा फुटी नव्हता. माझ्या खांद्यालाही लागत नव्हता. चोरच नव्हता.

मागच्या शनिवारी ती गोष्ट पुन्हा सांगितली – सुरा थोडा लांब केला.