गाडी गप्प करणारा माणूस

साहेब गाडीतून उतरले, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "परांजपे, अजून ढणढणते. आणि पाय भाजतात."

परांजपे हे आमच्या ट्रिम शॉपचे फोरमन. गाडीचा सांगाडा तयार झाला की आतलं अस्तर, सीटा, मॅट बसवायचं खातं म्हणजे ट्रिम शॉप. मी तिथे फिटर. युनियनची पत्रकंही मीच लिहायचो, त्यामुळे परांजपे माझ्याशी जपून बोलत. त्या दिवशी साहेबांची पाठ वळताच मात्र ते म्हणाले, "आठ दिवस काय केलंत तुम्ही लोकांनी?"

काय केलं ते सांगतो. पण आधी गाडीबद्दल. आमची कंपनी मालवाहू गाड्यांच्या केबिन बनवते. ही गाडी कंपनीची नव्हतीच. ती साहेबांच्या वडिलांची, पस्तीस-छत्तीस सालची विलायती मोटार. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मुंबईत जुन्या गाड्यांची रॅली होती आणि साहेबांना आपल्या म्हाताऱ्या आईला त्या गाडीत बसवून न्यायचं होतं. इच्छा चांगलीच आहे. पण शेड कंपनीची, माल कंपनीचा, माणसं लाइनवरून काढलेली, आणि जॉब कार्डावर लिहिलेलं 'प्रायोगिक काम'. मी त्या कार्डावर सही करणार नाही म्हणालो. परांजपे म्हणाले, "नका करू. काम करा."

जुन्या गाडीत बसलात तर दोन गोष्टी छळतात. एक, पत्रा. पत्रा म्हणजे ताणलेला ढोल. इंजिन खाली थरथरतं आणि पत्रा वर वाजतो. दोन, उष्णता. इंजिन आणि आपले पाय यांच्यामध्ये एक आडवा पत्रा असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. तो तापतो, आणि खालून जाणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपमुळे फरशीही तापते. आवाजावर उपाय डांबरी पॅडचा. ब्लो-लॅम्पने गरम करून ते पत्र्यावर दाबून चिकटवायचे, म्हणजे पत्रा जड होतो आणि थरथर कमी होते. त्यावर नमदा, म्हणजे जाड फेल्ट. उष्णतेवर उपाय ॲस्बेस्टॉसच्या शीटचा. ते शीट आम्ही साध्या करवतीने कापलं, पांढरी भुकटी उडाली, तोंडाला बांधायला काही द्या म्हटलं तर स्टोअरकीपरने माझ्या खिशातल्या रुमालाकडे बोट दाखवलं.

आठ दिवस आम्ही मिळेल त्या जागी पॅड चिकटवले. दरवाजे, छत, फरशी, काही सोडलं नाही. गाडी हत्तीसारखी जड झाली आणि तरीही ढणढणत राहिली.

परांजप्यांनी विचारलं, पत्र्यातलं कळणारा कोणी आहे का? मी म्हणालो, प्रेस शॉपचे मारुतीअण्णा.

मी अण्णांचं नाव घेतलं त्याला दुसरंही कारण होतं. ते परांजप्यांना ठाऊक नव्हतं.

अण्णा थेरगावचे. जमीन कारखान्यांसाठी गेली, तिच्या मोबदल्यात घर पक्कं झालं आणि अण्णा प्रेसवर लागले. पुन्हा शेती करायची म्हटलं तर टीचभर तुकडा उरला नव्हता. प्रेस म्हणजे पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं यंत्र. तिथे दिवसभर दणके. नवा माणूस पहिल्या दिवशी कानावर हात ठेवतो, दुसऱ्या दिवशी ठेवत नाही, कारण हात कामाला लागतात. अण्णा तिथे सोळा वर्षं होते आणि जवळजवळ ठार बहिरे झाले होते.

हे सगळ्या प्रेस शॉपला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तिथली रीतच तशी. क्रेनचा भोंगा वाजला की शेजारचा अण्णांच्या खांद्यावर थाप मारायचा. सुट्टीचा भोंगा झाला की दोन थापा. बाकी सगळं अण्णा समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचे. दरवर्षीच्या मेडिकलला डॉक्टर पाठीमागून नाव विचारायचे, तेव्हा रांगेतला पुढचा माणूस नाकाला हात लावायचा. अण्णा खणखणीत नाव सांगायचे. पास.

माझं मात्र त्यांना काही समजायचं नाही. मला दाढी होती, चांगली छातीपर्यंत. अण्णा म्हणायचे, "पुढारी, त्ये जंगल काड की राव. गेटवर तू भाषन करतोस तवा नुस्ती दाढी हलती. आमी टाळ्या वाजवतो, पर कशाला वाजवल्या त्ये घरी जाऊन दुसऱ्याला इचारतो." मग मी त्यांच्याशी खडूने बोलायचो. पत्र्यावर लिहायचं, हाताने पुसायचं.

त्या वर्षी मेडिकलला कानाला लावून ऐकू किती येतं ते मोजायचं मशीन येणार असल्याची बातमी होती. त्यातून सुटका नव्हती. अण्णा महिनाभर ट्रिम शॉपला उसने आले तर प्रेस शॉपची तपासणी त्यांना चुकवून निघून जाईल, हा माझा हिशेब. निवृत्तीला चार वर्षं होती. चारदा चुकवायची, एवढंच.

अण्णा आले. गाडीभोवती फिरले, टकटक केलं नाही, काही नाही. बूट काढले, मागच्या सीटच्या जागी उघड्या फरशीवर अनवाणी बसले आणि मला 'चल' अशी खूण केली. मी चालवली. जुन्या मुंबई रस्त्याने देहूरोडच्या दिशेने. अण्णा डोळे मिटून बसलेले, दोन्ही तळवे आणि दोन्ही पावलं पत्र्याला टेकलेली. मध्येच माझ्या खांद्यावर थाप. म्हणजे वेग तेवढाच ठेव. मग खडूने एक फुली.

परत आलो तेव्हा फरशीवर फक्त पाच फुल्या होत्या. तीन थरथरीच्या, दोन चटक्याच्या.

"हितं वाजतंय," अण्णा म्हणाले. "बाकी समदं तुमी उगाच लिंपलंय."

खाली शिरून पाहिलं. सायलेन्सरचा पाइप धरणारी पट्टी थेट गाडीच्या आडव्या बारला बोल्टने आवळलेली. इंजिनची सगळी थरथर त्या एका बोल्टातून फरशीत चढत होती. वर कितीही डांबर फासलं तरी उपयोग नव्हता. अण्णांनी पट्टी आणि बार यांच्यामध्ये ट्रकच्या ट्यूबचं रबर दुहेरी करून घातलं. आम्ही लावलेले निम्मे पॅड खरवडून काढले. फरशीला पाणी जायची भोकं असतात, तीही आम्ही पॅडखाली बुजवली होती. अण्णांनी बोट घालून एकेक मोकळं केलं आणि म्हणाले, "पानी कुटनं जानार? तुज्या पत्रकातनं?" ॲस्बेस्टॉसचं शीट आम्ही फरशीला चिकटवून टाकलं होतं. त्यांनी ते उचलून बोटभर पोकळी ठेवून बसवलं. पत्रा आणि शीट यांच्यामध्ये हवा राहिली की चटका वर येत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. अण्णांना ते पावलांनी कळलं होतं.

तीन दिवसांनी साहेब आईला घेऊन चक्कर मारून आले. आई दापोडी यायच्या आत झोपल्या म्हणे. साहेबांनी अण्णांचा हात हातात घेतला, काहीतरी मोठं इंग्रजी वाक्य बोलले. अण्णांनी मान डोलावली. नंतर मला विचारलं, "काय म्हनला त्यो?" मी खडूने लिहिलं, 'हात सोन्याचे आहेत.' अण्णांनी ते वाचलं आणि पुसलं.

इथे मी थांबायला हवं होतं.

पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. एका माणसाच्या कानांसाठी अकरा दिवस, सहा माणसं, पॅड, नमदा, रबर. आणि प्रेस शॉपमध्ये कानात घालायला कापूससुद्धा नाही. मी घरी काळेवाडीच्या खोलीत बसून एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा: 'साहेबांच्या गाडीला गादी, कामगाराच्या कानाला हातोडा!' त्यात हे वाक्य होतं: 'ज्या कामगाराने ही गाडी गप्प केली, तो प्रेसच्या आवाजाने बहिरा झाला आहे.' ते वाक्य मला फार आवडलं होतं. नाव घातलं नव्हतं. नाव घातलं नाही म्हणजे विचारायची गरज नाही, असं मी समजलो.

पत्रक गेटवर वाटलं. पहिल्या शिफ्टने वाचलं, दुसऱ्या शिफ्टने वाचलं, लोकांनी माझी पाठ थोपटली. पर्सोनेल ऑफिसरनेही वाचलं.

चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पत्रक टेबलावर, माझ्या आवडत्या वाक्याखाली लाल रेघ.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. खोटं आहे का?"

"मी कुठे खोटं म्हणालो? खरं आहे का ते पाहायला आम्ही त्यांना पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. खरं निघालं." त्यांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "ज्याला क्रेनचा भोंगा ऐकू येत नाही, त्याला मी क्रेनखाली उभा करू? उद्या काही झालं तर तुम्हीच दुसरं पत्रक काढाल."

मी म्हणालो, त्यांना ट्रिम शॉपला घ्या, तिथे क्रेन नाही. ते म्हणाले, फोर्कलिफ्ट आहे, तिचा हॉर्न आहे. परांजपे स्वतःहून आले आणि मला हा माणूस हवाय म्हणाले. परांजपे तसे भित्रे, पण त्या दिवशी खुर्चीवर न बसता दहा मिनिटं उभ्याने बोलले. ऑफिसर म्हणाले, ट्रिम शॉपला जागा नाही. मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी भेट दिली नाही. ज्या पत्रकात त्यांच्या वडिलांच्या गाडीची गोष्ट चव्हाट्यावर मांडली होती, ते लिहिणाऱ्याला ते का भेटतील? युनियनने मागणी लावून धरली, बोलणी झाली, तारखा पडल्या. प्रेस शॉपवाल्यांनी एक दिवस काम बंद ठेवलं. महिन्याच्या आत अण्णांच्या हातात कागद पडला. 'मेडिकल ग्राउंडवर सेवामुक्त.' कायद्याने बरोबर होतं. माझ्या पत्रकाने तर ते अधिकच बरोबर केलं होतं.

थेरगावला त्यांच्या घरी जायला मला दोन आठवडे लागले. जाण्याआधी दाढी काढली. अण्णा दारात दुसऱ्याच्या म्हशीचं दावं वळत बसले होते. त्यांनी माझा तुळतुळीत चेहरा पाहिला आणि पहिल्यांदा हसले. "बोल. आता कळंल."

मी बोललो. माझा हेतू, कंपनीचा कावा, कोर्टात जाऊ, सगळं. सावकाश, ओठ नीट हलवत. त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. अण्णांनी सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "तू लिवलं त्ये खरं व्हतं. खोटं न्हाई. पर त्ये माजं व्हतं. सोळा वर्सं समद्या शॉपनं झाकून ठिवलं, आन तू छापलंस."

मी म्हणालो, चुकलो. त्यांनी दाव्याला पुढचा पीळ दिला. "कोर्टात काय सांगशील? म्हातारा बहिरा न्हाई म्हनून? जा. चा घे आन जा."

कोर्टात गेलो नाही. त्यांनी वकीलपत्रावर सही दिली नाही.

प्रेस शॉपला पुढच्या महिन्यापासून कानात घालायला कापूस मिळू लागला. दर शिफ्टला माणशी दोन बोळे. युनियनच्या वार्षिक अहवालात तो विजय म्हणून नोंदला आहे, आणि नोंद माझ्याच हातची आहे. कापूस घातल्यावर क्रेनचा भोंगा ऐकू येत नाही, म्हणून बहुतेक जण तो घालत नाहीत.

तेव्हापासून मी एक करतो. पत्रक ज्याच्याबद्दल आहे त्याला छपाईआधी समोर बसून वाचून दाखवतो. नाव असो वा नसो. बरीच माणसं ऐकून घेतात आणि म्हणतात, हे नका छापू. मी कागद घडी घालून खिशात ठेवतो. माझी पत्रकं आता पूर्वीपेक्षा कमी निघतात, आणि युनियनमध्ये माझ्याबद्दल कुरकुर आहे की पोरगा थंड पडला.