विजिटीचे बूट

“इन लोगों को जूते की आदत नहीं है.”

मॅनेजर साहेब हसत म्हणाला. आधी हिंदीत, आमच्यासाठी. मग तेच इंग्रजीत, पाहुणीसाठी. समोर माझी आई उभी होती. फाउंड्रीच्या वाळूत, अनवाणी. नवे काळे बूट तिने दोन्ही हातांनी छातीशी धरले होते.

हिंदी मुलखात, जामुलकडच्या त्या कारखान्यात गटारांवर बसवायची लोखंडी झाकणं ओततात. ती परदेशातल्या शहरांत जातात. आई तिथे ठेक्यावर रेजा, म्हणजे मजूर बाई. ओतकाम झालं की साचे फोडायचे, तापलेली वाळू घमेल्यात भरून बाहेर टाकायची. रोज रबरी चपलेला पोत्याचे तुकडे बांधून. मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात. आमच्या घरातली पहिली बी.ए. इंग्रजी बोलता येतं म्हणून विजिट असली की मला साहेबाच्या मागे फिरवत. मी तिची मुलगी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबालाही.

विजिट म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीची माणसं कारखाना बघायला येतात तो दिवस. तेवढ्या दिवसापुरते ठेक्याच्या बायांना हेल्मेट आणि बूट मिळतात. आईची ही पहिलीच विजिट. बाया तिला म्हणाल्या, संध्याकाळी परत घेतात. तिला पटलं नाही.

“पायातलं कोनी परत मागते का बाई?”

बूट तिचे झाले, असं धरूनच ती कामाला लागली. आणि नवे बूट आपल्याकडे कोण वाळूत घालतं? तिने ते काढले, पदराने पुसले. मैत्रिणीला म्हणाली, “दीक्षाभूमीले घालून जाईन. इथं कावून खराब करू?” तेवढ्यात आम्ही आत शिरलो. लपवायला तिच्यापाशी जागा नव्हती.

पाहुणी थांबली. गोरी, पन्नाशीची, बोलायला मऊ. आदतीचं उत्तर तिला पुरलं नाही. वाळूतून अजून वाफ येत होती. आई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. पाहुणीने पुन्हा विचारलं, मग ही बूट घालत का नाही? साहेब माझ्याकडे वळला. आवाज खाली.

“बता दो, इनका कल्चर है. जमीन का सम्मान करते हैं. तुम बोलोगी तो मान लेगी. तुम तो इन्हीं की हो.”

इन्हीं की.

होय, त्यांचीच. माझा आजा भंडाऱ्याकडच्या गावात पाटलाच्या घरावरून जाताना चपला काखेत घेऊन चालायचा. बाबांनी सांगितलेलं. तेव्हाही गाव त्याला रीतच म्हणायचं. सक्ती कोणीच म्हणायचं नाही. आज तीच रीत इंग्रजीत घालून माझ्या तोंडी द्यायची होती, आणि माझ्याच आईच्या नावाने.

आई माझ्याकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नाही, पण मी घाबरले की तिला कळतं.

मी पाहुणीकडे वळून इंग्रजीत बोलले. हे बूट आज सकाळी दिलेत. संध्याकाळी काढून घेतील. तिला वाटतं ते तिचे आहेत, म्हणून जपते आहे. यात कल्चर काही नाही. ही माझी आई आहे.

पाहुणीचा चेहरा लाल झाला. तिने खाली बघितलं, स्वतःच्या बुटांकडे. मला वाटलं, आता काहीतरी होईल. तिने मान वर केली आणि साहेबाला विचारलं, माल जहाजावर कधी चढणार.

बस्स.

तोवर मी समजत होते, या लोकांना माहीत नाही म्हणून हे चालतं. माहीत झालं. तरी झाकणं त्याच भावात हवी होती. तो भाव आईच्या तळव्यांतून निघत होता.

संध्याकाळी गेटवर बाया ओळीने वाकून बूट काढत होत्या. आई वाकली. साहेबाने तिचे बूट उलटेपालटे करून बघितले.

“इसके तो नए ही हैं. अगली विजिट में चल जाएंगे.”

मग मला म्हणाला, कल से मत आना. मी विचारलं, का? तर म्हणे, पटत नसेल तर यायचं नव्हतं, कोणी जबरदस्ती केली नव्हती. “अपनी मर्जी से आते हो तुम लोग.”

मर्जी. राज्यशास्त्राच्या पेपरात मी लिहिलं होतं, करार दोन समान माणसांत होतो, स्वतंत्र संमतीने. मार्क चांगले पडले होते. त्या गेटवर मला दिसलं, एकाच्या हातात गेट आहे आणि दुसऱ्याला आत गेल्याशिवाय चूल पेटवता येत नाही. याला ते मर्जी म्हणतात. आम्हीही म्हणत होतो.

कॅम्प-१ मधल्या आमच्या वस्तीत आलो. घरी आई तळव्यांवर पाणी ओतत बसली. मी म्हटलं, माझी नोकरी गेली म्हणून रागावलीस का?

“नोकरीचं नाही वाटून राहिलं,” ती म्हणाली. “तूनं त्याच्यासमोर मान वर केली अन् त्याच दिवशी मी वाकली. त्याचं वाटून राहिलं.”

आता दर रविवारी वंदना झाली की बाया विहारात मागे थांबतात. आधी चार-दोन होत्या, आता सतरंजी पुरत नाही. माझ्याकडे नोकरी नाही. इंग्रजी आहे, वाचलेलं आहे. मी पुस्तकातलं सांगते, त्या भट्टीतलं सांगतात. त्यांचं ऐकून मला पुस्तकातलं बरंच खोडावं लागतं.

विजिट पुन्हा ठरली आहे. बूट वाटतील. बाया घालतील, वाळूत चालतील, मळवतील. संध्याकाळी गेटवर बूट काढायला आमच्यातली एकही बाई वाकणार नाही. मी गेटबाहेर उभी राहणार. ठेकेदार कामावरून काढेल, आधी आईलाच. हे कोणापासून लपवलेलं नाही. काही बाया मागे सरल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही.

आईला पुन्हा विचारलं, नक्की ना? ती भाकरी थापत होती. वर बघितलं नाही.

“पायातलं हाय. पाहिजे असंन तर पायासकट ने म्हना.”