आकड्यांचं वऱ्हाड

आमच्या काचीगुड्याच्या डॉक्टरबाई रिपोर्ट हातात घेतला की आधी खुदकन हसत. ते हसू बाहेर बाकापर्यंत येई आणि मग रांगेतले पेशंटही उगाचच हसू लागत. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून सगळ्यांचे रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडे होतं. मला त्यातलं किती कळतं हे बाईंना ठाऊक असावं, पण त्यांनी ते कधी दाखवलं नाही.

कुणी कोलेस्टेरॉलचा आकडा पुढे केला की त्या विचारत, "नवरदेव एकटाच आला? वऱ्हाड कुठाय?" वऱ्हाड म्हणजे वय, बीपी, शुगर, विडी-सिगारेट, घरात कुणाला हार्टचं काही झालंय का ते. ही सगळी मंडळी येऊन बसल्याशिवाय त्या गोळीचं नाव काढत नसत. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना वऱ्हाडबाई म्हणायचो. एकदा आई चुकून तोंडावरच म्हणाली, तेव्हा त्या टेबलावर डोकं टेकून हसल्या.

आई-बाबांनी एकदमच रक्त तपासून घेतलं होतं. आईचं कोलेस्टेरॉल जरा वर, लाल अक्षरात. तिनं लगेच तूप सोडलं आणि मला दागिने कुठे ठेवलेत ते सांगून टाकलं. बाबांचा एकही आकडा लाल नव्हता. नामपल्लीच्या त्यांच्या पंक्चरच्या दुकानात येईल त्याला ते रिपोर्ट दाखवत होते.

बाईंनी दोघांना समोर बसवून बरंच विचारलं. मग आईला म्हणाल्या, "तुम्हाला गोळी नको. चालायला जा, वर्षानं परत बघू." आणि बाबांच्या नावानं रोजची गोळी लिहायला घेतली.

"हा कुठला इन्साफ, डॉक्टरबाई?" बाबा उठूनच उभे राहिले. "फेल ती झाली आणि सप्लिमेंटरी मला? नक्को."

"पोरीला ॲडमिशन एका विषयावर मिळाली?"

"टोटलवर," बाबा छाती काढून म्हणाले.

"मग तुमचीही टोटलच बघते मी. लाल काही नाही, पण प्रत्येक विषय अगदी काठावर, त्यात विडी, त्यात वय. मोठा भाऊ कसा गेला म्हणालात?"

"सकाळी चहा पिता पिता. त्याला तर काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं, की कुणी बेरीज केली नव्हती?"

त्या दिवशी एवढं विचारताना मात्र त्या हसल्या नाहीत. बाबा खाली बसले. काकांच्या जाण्यानंतर ते रात्री उठून स्वतःच्या छातीवर हात ठेवून बसत, हे आईला माहीत होतं.

"वय आणि भाऊ माझ्या हातात नाहीत," बाई म्हणाल्या. "गोळी माझ्या हातात, विडी तुमच्या."

बाबांनी चिठ्ठीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात आई कुरकुरली, "मला पण एखादी लिहा की, छोटीशी." मग आम्ही चौघंही इतके हसलो की कंपाउंडर आत डोकावून गेला.

गोळीनं काय टळलं ते कधीच दिसत नाही, असं बाई म्हणत. न घडलेली गोष्ट दाखवणार कशी? मला हे नीट समजायला वेळ लागला. बाबांना तर रोज गोळी घेताना हाच प्रश्न पडायचा, पण ते घेत राहिले. विडी मात्र दोनदा सुटली, दोनदा परत आली, तिसऱ्यांदा खरी सुटली.

या उन्हाळ्यात बाई दवाखाना बंद करून मुलीकडे पुण्याला गेल्या. आम्ही स्टेशनवर गेलो होतो. गाडी हलली आणि बाबा अचानक त्यांच्या खिडकीसोबत धावायला लागले. हातात द्यायला काही नव्हतं, सांगायलाही काही नसावं. आई ओरडत होती, बाई आतून हातानं थांबा थांबा म्हणत होत्या. बाबा पार प्लॅटफॉर्म संपेपर्यंत गेले.

परत आले तेव्हा घामाघूम, पण नीट श्वास घेत होते. आईनं विचारलं, "हे काय खूळ?"

"काही नाही," ते म्हणाले. "त्यांना दाखवत होतो."