किल्ली कुणी पाडली

भिंगकाकांच्या दुकानावर नावाची पाटी होती, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. उजव्या डोळ्याला काळं भिंग लावून हा माणूस एकतीस वर्षं एकाच स्टुलावर बसलेला. घड्याळ बंद पडलं की लोक म्हणायचे, "भिंगकाकांकडे टाक." दुकान कसलं, जिन्याखालचं खोपटं! आत दोन माणसं आली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. पण काकांचा रुबाब असा की भलेभले साहेबसुद्धा घड्याळ काढून देताना आवाज खाली आणायचे.

पुढे जो तो फोनमध्ये वेळ बघायला लागला, तेव्हा काकांनी गाड्यांच्या रिमोटच्या किल्ल्या हातात घेतल्या. आत सेल तसाच, बटणाएवढा. किल्ली आली की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. जवळून दाबली तर चालते का? घरातली दुसरी किल्ली चालते का? आणि ही कुणाच्या हातून पडली का? पहिले दोन प्रश्न किल्लीसाठी होते. तिसरा, खरं सांगायचं तर, काकांनी स्वतःसाठी ठेवला होता. आपल्याकडून काही बिघडलंच, तर पळवाट असावी म्हणून. ती वापरायची वेळ मात्र आजवर आली नव्हती.

गेली दोन वर्षं काकांचा उजवा हात थरथरत होता. काकूंनी ते केव्हाच ओळखलं होतं. सकाळी त्या काही न बोलता त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावून द्यायच्या. काका म्हणायचे, "थंडी आहे जरा." भर उन्हाळ्यात! काकूही म्हणायच्या, "हो, फारच." एवढ्यावर तो विषय संपायचा.

सोमवारी दोन गल्ल्या पलीकडची एक बाई किल्ली घेऊन आली. आठ दिवस गाडी लांबून उघडत नव्हती, अगदी दाराला चिकटून बटण दाबलं तर उघडायची. दुसरी किल्ली ठणठणीत. म्हणजे सेल उतरलेला, दुसरं काय? शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काकांनी फटीत पेचकस घालून झाकण उघडलं, जुना सेल उचकटला, आणि नेमका तेव्हा हात हलला. पेचकस सटकला आणि सेलला टेकणारी पातळ पत्ती खाली दबली. नवा सेल घातला, बटण दाबलं, तर किल्लीवरचा लाल दिवा लागेना.

पत्ती चिमट्यानं केसभर वर उचलायची, एवढंच काम होतं. काकांनी दोनदा चिमटा लावला, दोनदा तो निसटला. मागे घड्याळाचा पट्टा बदलायला आलेली दोन माणसं बघत होती. काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी झाकण बंद केलं आणि म्हणाले, "आतून गेलीय. कुणाच्या हातून पडली का?"

बाई म्हणाली, "किल्ली असते सासऱ्यांकडे. पण ते म्हणतात, नाही पाडली. हल्ली विसरतात थोडं..."

"तेच ते," काका म्हणाले.

तेच ते! दोन शब्द. माणसानं जीभ चावावी आणि गप्प बसावं, पण नाही. वर त्यांनी मोठ्या मनानं पैसेही घेतले नाहीत, आणि बाई आभार मानून गेली.

त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "भाजी खारट झालीय." बिचारी भाजी! दुकानात बसलं की नजर त्या चिमट्यावर जायची. जाऊन सांगावं असं वाटायचं. पण सांगायचं काय? भिंगकाकांचा हात गेला म्हणून? मग उद्या या खोपट्याची पायरी कोण चढणार?

गुरुवारी दुपारी एक म्हातारे गृहस्थ दाराशी आले. इस्त्रीचा शर्ट, पायात घरातल्याच चपला. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यांनी काउंटरवर सोडली. आत तीच किल्ली होती.

"माझ्या हातून पडली ही," ते म्हणाले. "सून तुमच्याकडे आणून गेली होती. परत एकदा बघता का? घरी सांगून आलो नाही मी."

काकांनी विचारलं, "तुमच्या हातून? नक्की?"

"न्हाणीघरात. फरशीवर," म्हातारे मान हलवत म्हणाले. "आधी मी नाहीच म्हणत होतो. उगाच सुनेशी वाद घातला. नात शाळेला निघाली की मी किल्ली घेऊन खाली जायचो. जिन्यातूनच बटण दाबायचो, गाडी डोळे मिचकावायची आणि पोरगी खिदळायची. तेवढंच काम होतं हो मला. आता किल्ली कपाटात गेली. दाराचीही काढून घेतली. आणि काल सून म्हणाली, बाबा, उद्यापासून तिला खाली तुम्ही नका नेऊ, रस्ता आहे, तुमच्या लक्षात राहत नाही. बरोबरच आहे तिचं. आईचा जीव आहे."

ते हे सगळं तक्रार न करता सांगत होते, आणि म्हणूनच काकांना ते ऐकवेना. काकांनी झाकण उघडलं. चिमटा घेतला. हात त्या दिवसापेक्षा जास्त हलत होता.

"जरा धरता?" त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्यांनी दोन बोटांत किल्ली धरली. बोटं कशी, भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखी. काकांनी डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं आणि चिमटा लावला. तिसऱ्या खेपेला पत्ती उचलली गेली. बटण दाबताच लाल दिवा लागला.

"अरे वा!" म्हातारे लहान मुलासारखे हसले. "जादू आहे हो तुमच्या हातात!" आणि त्यांनी चक्क हात जोडले.

आता इथं गप्प बसणं किती सोपं होतं बघा. किल्ली चालू, म्हातारा खूश, झाकली मूठ सव्वा लाखाची. काकांनी मान डोलावलीसुद्धा. म्हातारे पायरी उतरून चार पावलं गेलेही. मग मात्र काकांना बसवेना. एकतीस वर्षांत भरदुपारी कधी न ओढलेलं शटर त्यांनी ओढलं आणि हाक मारली, "अहो, थांबा. मीही येतो."

दोन गल्ल्या ओलांडून दोघं घराशी पोचले. दार सुनेनं उघडलं. "बाबा! न सांगता कुठे गेला होतात? जीव टांगणीला लागला माझा!" म्हाताऱ्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. मग तिला मागे काका दिसले. भिंग कपाळावर तसंच राहिलं होतं.

काका उंबऱ्यातच उभे राहिले. "ताई, किल्ली यांनी पाडली नव्हती. सेल उतरला होता, बाकी काही नाही. आतली पत्ती माझ्या हातून दबली. माझा हात थरथरतो. चारचौघांत लाज वाटली, म्हणून यांच्यावर ढकललं मी."

सुनेचा चेहरा उतरला. ती काकांकडे बघेना आणि सासऱ्यांकडे तर मुळीच बघेना. तिच्या मागे दप्तर खांद्यावरच ठेवून नात उभी होती.

"परत सांगा," म्हातारे म्हणाले.

"यांनी पाडली नव्हती. मी बिघडवली."

"मोठ्यानं सांगा. पोरीला ऐकू गेलं नसेल."

काकांनी मोठ्यानं सांगितलं. शेजारचं दार किलकिलं झालं. काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण ते तिथून हलले नाहीत. सुनेनं डोळे पुसले आणि किल्ली सासऱ्यांपुढे धरली. "बाबा, चुकलं माझं. घ्या."

म्हाताऱ्यांनी हात पुढे केला नाही. ते हळूच खुर्चीत बसले आणि काकांकडे बघत राहिले.

"अहो, पण मला ती पडताना दिसली होती," ते म्हणाले. "रोज रात्री आठवत होतो, आठवत होतो, आणि काल दिसली. फरशीवर आपटल्याचा आवाजसुद्धा आला मला."

काका चपला काढून आत गेले, म्हाताऱ्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले, आणि यावेळी कुणी न सांगता त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.