आक्का आणि भीमेवरची नाव

निरोप आला तेव्हा मी सोलापुरात भवानी पेठेतल्या शाळेत तिसरीचा वर्ग घेत होतो. गावाकडचा माणूस दारातच थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, आक्का गेल्या..." आक्का म्हणजे माझी थोरली बहीण गंगाबाई. आमच्या गावाजवळ भीमेवर ती नाव चालवायची. परक्याला त्याचं नवल वाटे, गावाला नाही. तिला जाऊन आता महिना होऊन गेला.

नाव मूळची दाजींची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. बैलगाड्या चढवता याव्यात म्हणून नावेवर सबंध सपाट सागवानी फळ्या ठोकलेल्या होत्या, त्याही दाजींनी स्वतःच्या हातांनी. दाजी तापानं गेले आणि आक्का नावेवर उभी राहिली. एकुलती मुलगी शिवलीला, ती पलीकडच्या गावात दिलेली. वर्षं गेली तशा फळ्या कुजत गेल्या. आक्का ठिगळं लावून भागवत होती. त्या उखडायच्या तिच्या जिवावर येत होतं, हे तिनं न सांगताही कळायचं. मग एका उन्हाळ्यात, नाव मध्यावर असताना फळी मोडली, एका कुंभारणीचा पाय आत गेला आणि नडगी मोडली. तिला घरी पोचवून आक्का परत आली ती नाव काठावर ओढून घ्यायला सांगतच. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी गावातच होतो.

"तम्मा, समद्या काढायच्या," ती म्हणाली. आमच्या घरात कानडीही बोलतात. धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणतात.

"दाजींच्या फळ्या हायत आक्का. चांगल्या हायत तेवढ्या ठिवू की."

"मानूस गेला, फळ्या ठिवून काय करू? काढ."

पहिली फळी तिनंच पहार घालून उचलली. मात्र खालचं उघडं पडलं तेव्हा कल्लप्पा सुताराचा चेहरा उतरला. फळ्यांना तोलून धरणारे बाभळीचे आडवे वासेही सडले होते. मृग तोंडावर आला होता. पाटील म्हणाले, "आक्का, यंदा वरनं नव्या फळ्या ठोक. पानी वाढल्यावर गावानं करायचं काय?"

"झाकलं तरी खाली काय हाय ते मला ठावं हाय की. त्यावर तुमास्नी कशी बसवू?"

बाभूळ तोडून, तासून आणण्यात दिवस गेले. आणि नेमकी नदी वाढली. नवे वासे बसले होते, पण वर एकही फळी नव्हती, उभं राहून नाव हाकायला जागाच नव्हती. त्या दुपारी पलीकडून जावयाच्या हाका ऐकू आल्या... शिवलीलाला कळा सुरू झाल्या होत्या आणि सुईण घाबरली होती. काठावर कुणीतरी पुटपुटलं, "तवाच झाकलं असतं तर..." आक्कानं ते ऐकलं. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड मागवली, लुगड्याचा काचा घट्ट मारला. मी तिचा दंड धरला.

"सोड," ती म्हणाली. "तू फळ्या ठोक."

सांगडीला छाती टेकून ती गढूळ पाण्यात शिरली. तिचं डोकं वाहत वाहत दूर गेलं, दिसेनासं झालं, आणि बऱ्याच खालच्या अंगाला ती पलीकडे लागली. मग आम्ही कामाला भिडलो. ज्याला हातोडा धरता येत होता तो प्रत्येकजण आला, पाटीलसुद्धा. फटींत ताग ठासला, राळ-तेल ओतलं.

नावेची पहिली खेप आक्कालाच आणायला गेली. ती काठावर उभी होती. "नात झाली. दोघीबी बऱ्या हायत," एवढंच म्हणाली. मग नावेवर चढली, मधोमध बसली, नव्या फळीवर हात फिरवला आणि रडायला लागली. दाजी गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तिला एक सवय लागली. रोज पहिल्या खेपेआधी ती अनवाणी, एकेक फळी टाचेनं दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. अखेरच्या आजारात उठवत नव्हतं, तेव्हा सेवेला येऊन राहिलेल्या शिवलीलाला पाठवायची.

गेल्या आठवड्यात गावी गेलो होतो. नाव आता शिवलीला चालवते. परतताना सकाळी काठावर बाजारची माणसं खोळंबली होती, मलाही पलीकडे जाऊन सोलापूरची गाडी धरायची होती. शिवलीला पुढच्या टोकापर्यंत गेली, थांबली, पुन्हा टाच दाबून पाहिली.

"मामा, ही फळी दबतीया," ती म्हणाली. "बदलल्याबिगर नाव न्हाय सुटायची."

कुणी कुरकुरलं नाही. माणसं ओझी खाली ठेवून काठावर बसली. मीही बसलो.