जिन्याखालचं खुराडं

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, गुडघे सोडले तर धडधाकट, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाताखाली राहत होतो. दुसरं कोण, तर सून. ती हुकूम सोडायची असं नाही. पण घर तिचं, फ्रीज तिचा, आणि दारातून बाहेर पडून पायी जावं असं मैलभर काही नाही. म्हणजे मग काय राहिलं?

मुलानं न्यू जर्सीतल्या एडिसनची नोकरी सोडून टेक्सासमध्ये प्लेनोला नवी धरली होती. एडिसनला मी पूर्वी एकदा राहून आलो होतो, बायको होती तेव्हा. तिथं जरा चाललं की आपली दुकानं लागायची, बाकावर गुजराती म्हातारे भेटायचे, हिंदीत का होईना, चार शिव्या देता यायच्या. प्लेनोत रस्ते एवढे रुंद की पलीकडच्याला हाक ऐकू जाऊ नये, आणि पलीकडे माणूसच नसायचा. मुलगा सकाळी गाडी काढायचा तो दिवेलागणीला यायचा. मागं उरायचो तिघं. मी, चार वर्षांची नात आणि सून. सुनेला सातवा महिना होता. तिच्या आईचा व्हिसा अडकलेला, म्हणून मला बोलावून घेतलेलं. बाळंतपणात म्हातारा काय कामाचा? पण घरात एक मोठं माणूस असावं, एवढंच.

मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढं जन्मभर गवंडीकाम केलं. गेलो त्याच दिवशी त्या घराच्या भिंतीवर टकटक केली तर आत पोकळ. लाकडाचा सांगाडा, त्याला दोन्हीकडून पत्रावळीसारखी पानं ठोकलेली, आणि बाहेरून लोकांना दाखवायला विटांचा एक पडदा. हॉलमधल्या भिंतीतल्या शेकोटीपाशी आतल्या बाजूलाही तसाच विटांचा तुकडा होता, तोही नुसता चिकटवलेला. मुलाला म्हटलं, "अरं, हे घर न्हवं. पुठ्ठ्याचं खोकं हाय."

ते सुनेनं ऐकलं. रात्री ताट वाढून ती नातीला म्हणाली, "आबांना सांग, पुठ्ठ्याच्या घरातली भाकरी गार होतेय."

नात मी बसलो होतो तिथं आली, मान वर करून म्हणाली, "आबा, भाकरी इज गेटिंग कोल्ड."

आमचं बोलणं असंच चालायचं. आमच्याकडची रीतच तशी. सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. ती स्वयंपाकघरात असली तर बाहेरून खाकरायचं, मग आत पाऊल टाकायचं. ती बसलीय त्या सतरंजीवर बसायचं नाही. माझ्या आज्ज्यानं पाळलं, बापानं पाळलं, मीही पाळलं. बायको होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे. ती गेल्यावर ते काम नातीकडं आलं. सून नागपूरची, लग्न दोघांनी आपापसात जमवलेलं. तिच्या माहेरी बाप-लेक-जावई एका सोफ्यावर बसून क्रिकेट बघतात म्हणे. बघू देत. रीत ज्याची त्याला.

त्या घराला जिन्याखाली एक कोनाडेवजा खोली होती, दार लावता येईल अशी. आत चपला, व्हॅक्युम, आणि घरातल्या सगळ्या सुटकेसा. माझीही त्यातच, उभी. ती खोली मी खुराडं म्हणायचो. आमच्या गावात कोंबड्यांना याहून ऐसपैस असतं. बघता बघता सगळेच तिला खुराडं म्हणायला लागले, नातसुद्धा.

महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी गावभर भोंगा वाजला. मला वाटलं, साखर कारखाना असेल, पाळी सुटली. सुनेनं नातीकरवी कळवलं की तो वावटळीचा, म्हणजे टोर्नेडोचा भोंगा आहे, आज नुसती चाचणी. खरा वाजला की खुराड्यात शिरायचं. कारण खाली तळघर नाही आणि खिडकी नसलेली जागा घरात तेवढी एकच.

मी म्हटलं, "तुझ्या आईला सांग, मी न्हाई शिरायचा."

सगळे हसले. थट्टा वाटली त्यांना.

दोन आठवड्यांनी, एका गुरुवारी संध्याकाळी, आभाळाला रंग आला. काळा नव्हे. आडाच्या कडेला शेवाळ असतं ना, तसा. वारा एकाएकी पडला. समोरच्या घराच्या खांबावरचं झेंड्याचं कापड ओल्या टॉवेलसारखं लोंबत राहिलं. मी खिडकीपाशी उभा होतो. मुलगा हायवेवर होता, फोनवर बोलत होता, आणि मध्येच त्याचा आवाज तुटला. सून "हॅलो, हॅलो" करत राहिली. तेवढ्यात तिच्या हातातला फोन स्वतःच किंचाळला. मागोमाग भोंगा.

बुधवार नव्हता.

सुनेनं घाई केली नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगतो. गॅस बंद केला. नातीच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट चढवलं. खुराड्यातल्या पुढच्या दोन सुटकेसा बाहेर ओढल्या, पोट सांभाळून, आणि आत गादी टाकली. नातीला आत बसवलं. मग नातीला म्हणाली, "आबांना सांग, चला."

"आबा, कम!"

मी शेकोटीच्या विटांपाशी गेलो आणि तिथं खुर्ची घेतली. म्हटलं, "मी हितंच बरा हाय. ही भिंत विटांची हाय. तुम्ही बसा."

माझ्याइतकं कुणाला माहीत होतं की ती भिंत चिकटवलेली आहे? पण दुसरं काय सांगणार? ते खुराडं तुम्ही बघितलेलं नाही. जिना उतरता, म्हणून छतही उतरतं. आत माणूस बसला की गुडघे छातीला. तिथं दिवस गेलेली सून, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून सासरा? तेही मुलगा घरात नसताना? भोंगा वाजो नाहीतर आणखी काही वाजो. हे मी तिला तोंडानं सांगू शकत नव्हतो, कारण तिच्याशी तोंडानं बोलायचंच नव्हतं. आणि चार वर्षांच्या पोरीच्या हाती हा निरोप कसा द्यायचा?

पहिली गार पडली. मग छपरावर डंपरनं खडी ओतावी तसा आवाज सुरू झाला. दिवे गेले.

"आबांना सांग..." सुनेचा आवाज चढला, "आबांना सांग, हट्ट पुरे!"

नातीनं निरोप दिला नाही. ती खुराड्यातून बाहेर आली, धावत माझ्यापाशी आली आणि माझ्या पायाला घट्ट मिठी मारली. हेल्मेट माझ्या गुडघ्यावर आपटलं. "नॉट विदाउट आबा," म्हणाली. "नॉट गोइंग!"

"जा बाळ, आईकडं जा."

"नो!"

मी तिचे हात सोडवायला लागलो तर ती ओरडायला लागली. तिच्यामागं सून बाहेर आली, एका हातानं भिंत धरत, एका हातानं पोट. बाहेर कुठंतरी काहीतरी मोडल्याचा मोठा आवाज झाला. आता तिघंही उघड्या हॉलमध्ये, आणि समोर भिंतभर काच.

सून माझ्या समोर येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि मुलगा मारतो तीच हाक मारली. घाबरली की तिची नागपुरी बाहेर पडते, हे मला त्या दिवशी कळलं.

"आप्पा, काहून ऐकून नाही राहिले तुम्ही? मी काय खाऊन राहिली का तुम्हाला?"

मी खाली बघितलं.

"मी आहे म्हणून नाही यायचं न आत? सांगा न. मी बसते इथं बाहेर. तुम्ही पोरीला घेऊन जा आत. माझ्यावर राग आहे तर माझ्यावर काढा, तिच्यावर काहून?"

आणि खरंच बसायला लागली ती, खाली, फरशीवर.

राग? कसला राग? मला काही समजेना. माझ्या तोंडून निघून गेलं, थेट तिलाच, "अगं बाई, राग न्हाई! जागा एवढीशी. तू सून. मी तिथं तुझ्याजवळ कसा बसू?"

ती अर्ध्यात थांबली. तोंड उघडं. मग असा आवाज काढला की मला कळेना हसतेय की रडतेय.

"जीव जाऊन राहिला अन् तुम्ही मर्यादा पाळून राहिले?"

"मी पाठ करून बसतो," मी म्हटलं.

"बसा न! पाठ करून बसा, उलटे बसा, पण बसा!"

मी नातीला उचललं. गुडघा कळवळला, तसाच गेलो. आधी सून शिरली, अगदी आतल्या उतरत्या कोपऱ्यात. तिच्या मांडीला टेकवून नात. शेवटी मी, तोंड दाराकडं, पाठ त्यांच्याकडं. दार ओढलं आणि मूठ दोन्ही हातांनी धरली, कारण ते दार बाहेर उघडणारं, आणि आतून कडी नाही. बांधणाऱ्याला शिव्या घातल्या, मनातल्या मनात.

आत नुसता अंधार आणि चपलांचा वास. मग ते दार माझ्या हातातून जायला लागलं. कुणीतरी बाहेरून ओढावं, सोडावं, पुन्हा ओढावं, तसं. कान दडपले. मी मूठ सोडली नाही. तरणा असताना मी सिमेंटचं पोतं एकट्यानं पाठीवर घेत होतो, आणि त्या घटकेला त्या वयाचं सगळं बळ माझ्या बोटांत आलं. नात रडायची थांबली होती, आणि तेच जास्त वाईट.

"आप्पा, डोकं खाली घ्या."

"घेतलंय. पोरीचं हेल्मेट?"

"आहे."

"पट्टा लावलाय?"

"लावलाय."

मध्ये निरोप्या नाही, काही नाही. मग बाहेर काच फुटली, मोठी. माझ्या पाठीवरचा सदरा एकदम ताणला गेला. सुनेनं मागून मुठीत धरला होता. मी हललो नाही. धरू दिला.

किती वेळ, ते विचारू नका. खडी ओतायची थांबली. नुसता पाऊस राहिला. दार माझ्या हातात ढिलं पडलं. तरी आम्ही बसूनच राहिलो, कारण भोंगा चालू होता.

पाठीमागून सून म्हणाली, हळू, "मला वाटायचं, लग्न केल्यापासून मी तुम्हाला चालतच नाही. एक शब्द नाही बोलले तुम्ही कधी."

"चालत नसतीस तर तुझ्या हातचं खाल्लं असतं का?"

"खाताना पण नावं ठेवता."

"भाकरीला न्हाई ठेवली कधी. घराला ठेवली."

ती हसली. या खेपेला हसूच होतं, मला ओळखता आलं. सदरा सोडला नव्हता अजून.

मुलगा आला तेव्हा बाहेर पुरता अंधार होता. एका पुलाखाली गाडी लावून थांबला होता, फोन लागत नव्हता. हॉलभर काचा, त्यात गारा वितळलेल्या, मागचं कुंपण आडवं. आणि खुराड्याच्या दारात आम्ही तिघं टॉर्च घेऊन. आधी बायकोकडं बघितलं, मग पोरीकडं. दोघी धड आहेत म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्याला मी दिसलो.

"आप्पा? तुम्ही? खुराड्यात?"

"विटांची भिंत हलली न्हाई, बघून घे," मी म्हटलं. खरं तेच. एकही वीट निसटली नव्हती. माझी खुर्ची मात्र काचांनी भरलेली होती.

रीत चुकीची असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मोठ्या वाड्या-घरांत पन्नास माणसं राहायची तेव्हा तिचा उपयोग होता. त्या खुराड्यात ती कुठं ठेवायची, एवढाच प्रश्न होता. पाठ करून बसलो, ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आधी मी जिन्याखालचं दार उघडलं आणि आतलं सगळं बाहेर काढलं. चपला काढल्या, उरलेल्या सुटकेसा काढल्या. माझी सुटकेस वर माझ्या खोलीत नेऊन पलंगाखाली आडवी सारली. दाराला आतून बसवायला मुलाच्या हत्यारांच्या डब्यात एक अडसराची कडी सापडली, ती चार स्क्रूंनी बसवली. ओढून बघितली. मग हातानं जागा मोजली. आता चौघं मावतील, पाचवं आलं तर तेही, मांडीवर.

व्हॅक्युम तेवढा राहिला. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला, तशी नात जिन्यावरून धावत खाली आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. "आबा, आय विल टेल मम्मा! काय सांगू?"

"काही नको. मीच विचारतो," मी म्हटलं.

स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो, सवयीनं खाकरलो, आणि आत बघून म्हणालो, "अगं, त्या व्हॅक्युमचं काय करू?"